छायाप्रत आणि प्रत: सर्व्हरवरचे स्नॅपशॉट, बॅकअप आणि आपला भरवसा



गेल्या वेळी आपण दप्तरांविषयी बोललो. रुमालात बांधलेले कागद, वाळवी, ओल आणि नकला करून ठेवण्याची जुनी रीत. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: आता दप्तर सगळं सर्व्हरमध्ये गेलं, तर त्याच्या नकलेचं काय? प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या तंत्रज्ञांचा नाही. पतसंस्थेची खतावणी, सीएच्या कचेरीतला टॅलीचा डेटा, शाळेचं जनरल रजिस्टर हे सगळं आज कुठल्या तरी कपाटाएवढ्या खोलीत, विंडोज सर्व्हर चालवणाऱ्या एका यंत्रावर असतं. ते गेलं तर काय जातं, हे ठेवीदाराला विचारा.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्यांनी सर्व्हरच्या खोलीत का डोकवावं, असं कुणी म्हणेल. पण तिथं जे नुकसान होतं त्याचं मूळ पुष्कळदा यंत्रात नसतं. दोन निराळ्या वस्तूंना माणसं एकच नाव देतात आणि मग एकीकडून दुसरीचं काम होईल अशी अपेक्षा धरतात. असा गोंधळ सोडवणं हे आमच्याच धंद्यातलं काम आहे. त्या दोन वस्तू म्हणजे स्नॅपशॉट आणि बॅकअप. कचेरीत विचारावं, ‘अहो, बॅकअप आहे ना?’ उत्तर येतं, ‘आहे की, दिवसातून दोनदा स्नॅपशॉट होतो.’ सगळा धोका या एका उत्तरात आहे.

मराठीत ‘छायाप्रत’ म्हणजे झेरॉक्स. सातबाऱ्याची छायाप्रत काढून ठेवली आणि पुढे मूळ कागद जळला, तरी छायाप्रत राहते. विंडोजमध्ये ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस’ नावाची एक सोय आहे. तिला व्हीएसएस म्हणतात. विंडोज एक्सपी आणि विंडोज सर्व्हर २००३ यांच्या पिढीबरोबर ती आली. शॅडो कॉपी या शब्दाचं भाषांतर करायला बसलो तर ‘छायाप्रत’च होईल. पण ही छाया झेरॉक्सच्या अगदी उलट आहे. ही खरोखरची सावली. माणूस उठून गेला की सावलीही जाते.

हे कसं चालतं ते जरा सावकाश बघू, कारण एवढं कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. समजा, एक टेराबाइटचा ड्राइव्ह आहे आणि सकाळी सात वाजता त्याचा स्नॅपशॉट घेतला. तो काही सेकंदांत होतो. आता एक टेराबाइटची नक्कल काही सेकंदांत होईल का? शक्य नाही. मग झालं काय? खरं म्हणजे त्या क्षणी जवळजवळ काहीच नकललं गेलं नाही. यंत्रानं एक शपथ घेतली म्हणा ना. ‘यापुढे या ड्राइव्हवरचा एखादा तुकडा बदलायची वेळ आली, तर आधी जुना तुकडा बाजूला काढून ठेवीन, मगच नवा लिहू देईन.’ हे तुकडे १६ किलोबाइटचे असतात. बाजूला काढलेले जुने तुकडे ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात साठत जातात. दुपारी कुणी म्हणालं, ‘सकाळी सातची फाईल दाखवा’, तर यंत्र बदललेले तुकडे त्या साठ्यातून घेतं, न बदललेले तुकडे थेट चालू ड्राइव्हवरून उचलतं आणि दोन्ही जुळवून सकाळचं चित्र उभं करतं.

म्हणजे बघा, जो भाग बदलला नाही, आणि सहसा तोच फार मोठा असतो, तो स्नॅपशॉटकडे नसतोच. तो मूळ ड्राइव्हकडेच असतो. ड्राइव्ह जळाला, तर बाजूला काढलेल्या तुकड्यांतून काहीही उभं राहत नाही. पुष्कळ जण सांगतात, ‘आम्ही शॅडो कॉपीचा साठा दुसऱ्या डिस्कवर ठेवलाय.’ छान आहे, त्यानं मूळ डिस्कवरचा ताण कमी होतो आणि गजबजलेल्या फाईल सर्व्हरवर तसं करावंही. पण त्यामुळे तो बॅकअप होत नाही. न बदललेले तुकडे अजूनही पहिल्याच डिस्कवर आहेत.

आमच्या नैयायिकांकडे यासाठी जुना दाखला आहे, तंतू आणि पट यांचा. वस्त्र धाग्यांच्या आश्रयानं राहतं. धागे गेले की वस्त्र वेगळं उरत नाही. या नात्याला ते समवाय म्हणतात. शेजारी ठेवलेल्या दोन घड्यांचं नातं निराळं, तो नुसता संयोग. एक फुटला तरी दुसऱ्यातलं पाणी सांडत नाही. स्नॅपशॉट आणि मूळ ड्राइव्ह यांचं नातं धागे-वस्त्रासारखं आहे. बॅकअपचं नातं दोन घड्यांसारखं हवं. दाखला अगदी काटेकोर बसत नाही, कारण स्नॅपशॉटचेही थोडे धागे स्वतःचे असतात. पण काम भागतं.

आता स्नॅपशॉटला नावं ठेवायला आम्ही इथे आलेलो नाही. तो फार उपयोगी आहे. कारकुनानं चुकून एक्सेलची फाईल पुसली, कुणी चुकीचे आकडे भरून सेव्ह केलं, तर फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून सकाळची फाईल दोन मिनिटांत परत मिळते. कुणाला फोन नको की टेप शोधायला नको. विंडोज सर्व्हरवर ही सोय चालू केली, की मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी सात आणि दुपारी बारा असं असतं, आणि वाटप केलेल्या फोल्डरांसाठी एका ड्राइव्हच्या ६४ प्रती ठेवता येतात. पासष्टावी आली की सर्वांत जुनी जाते. रोजच्या चुकांना हे औषध उत्तम.

दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा, आणि खुद्द बॅकअपही त्यावर उभा असतो. चालू सर्व्हरची नक्कल काढणं म्हणजे बाजार भरलेला असताना बाजाराची यादी करण्यासारखं आहे. यादीच्या पहिल्या पानावर एक माणूस भाजीच्या गाड्यावर दिसतो, शेवटच्या पानापर्यंत तोच कापडाच्या दुकानात दिसतो. डेटाबेसचं तसंच होतं. रक्कम एका खात्यातून निघालेली असते, दुसऱ्यात पोचलेली नसते, आणि नकलेत नेमकी ही अर्धवट अवस्था येते. व्हीएसएस यावर असा उपाय करतं: बॅकअपचं सॉफ्टवेअर मागणी करतं. मग डेटाबेससारखी जी सॉफ्टवेअरं आहेत, त्यांचे ‘रायटर’ म्हणून घटक असतात, त्यांना निरोप जातो की हातातलं पुरं करा आणि लेखणी थांबवा. हे थांबणं ६० सेकंदांपलीकडे जाऊ देत नाहीत. आणि प्रत्यक्ष स्नॅपशॉट तयार होताना ड्राइव्हवरचं सगळं लिखाण जास्तीत जास्त १० सेकंद रोखलं जातं. तेवढ्यात शपथ घेऊन होते, लेखण्या पुन्हा चालू होतात, आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर त्या स्थिर चित्रावरून निवांतपणे तासभर नक्कल उतरवत बसतं. नक्कल दुसरीकडे पोचली की तो बॅकअप. स्नॅपशॉट हा तिथपर्यंत जायचा पूल. पुलावर घर बांधू नये एवढंच.

एखाद्या रायटरनं साथ दिली नाही तर? तर नक्कल निघते, पण वीज अचानक गेल्यावर डिस्कवर जे काही असेल त्या अवस्थेची. ती कधी सुरळीत उघडते, कधी दुरुस्त करावी लागते. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ हा हुकूम अधूनमधून द्यावा आणि प्रत्येकापुढे ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ आहे ना ते पाहावं. काम दोन मिनिटांचं आहे.

जागेचा हिशेब हा यातला खरा कळीचा भाग, आणि तो फारसा कुणी करत नाही. शॅडो कॉपीच्या साठ्याला सहसा ड्राइव्हच्या १० टक्के जागेची मर्यादा घातलेली असते. एक टेराबाइटला साधारण १०० गिगाबाइट. रोज पाच गिगाबाइटचे तुकडे बदलत असतील, तर साधारण वीस दिवसांचा इतिहास मावेल. पुढे काय? पुढे यंत्र जुन्या प्रती स्वतःहून पुसतं. परवानगी मागत नाही, खिडकी उघडून सांगत नाही, मुकाट्यानं इव्हेंट लॉगमध्ये एक नोंद करतं. ‘व्हॉलस्नॅप’ या नावाखाली ३३ क्रमांकाची नोंद दिसली, तर समजावं की जागेच्या मर्यादेपायी सर्वांत जुनी प्रत गेली. २५ क्रमांकाची दिसली, तर प्रकरण जास्त गंभीर. लिखाणाचा जोर एवढा होता की साठा वेळेत वाढू शकला नाही आणि त्या ड्राइव्हच्या शॅडो कॉपी सोडून द्याव्या लागल्या. चालू काम अडवायचं की जुनी आठवण टाकायची, असा पेच आला की यंत्र आठवण टाकतं. यात यंत्राची चूक नाही. त्याला तसंच घडवलंय, आणि आम्हाला ते योग्यच वाटतं. मात्र आपण कशावर विसंबून आहोत हे माहीत हवं. साठा किती भरलाय ते ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज’ सांगतं आणि त्याच्या भावंडानं, ‘रिसाइज शॅडोस्टोरेज’नं, मर्यादा बदलता येते.

इथे एक गंमत सांगून टाकू. डीफ्रॅगमेंटेशन म्हणजे डिस्कवर विखुरलेले तुकडे हलवून एकत्र लावणं. त्यात एकाही फाईलमधलं एकही अक्षर बदलत नाही. पण ड्राइव्हची रचना १६ किलोबाइटपेक्षा लहान कप्प्यांची असेल, तर व्हीएसएसला ते हलवणं म्हणजे बदल वाटतो आणि ते इमानेइतबारे जुने तुकडे बाजूला काढत बसतं. साठा भरतो, आणि जुन्या प्रती जातात. घर आवरलं म्हणून डायरी फाटली, असा प्रकार. म्हणून मायक्रोसॉफ्टची सूचना आहे की डीफ्रॅग होणार असेल, तर त्या ड्राइव्हचे कप्पे फॉरमॅट करतानाच १६ किलोबाइट किंवा मोठे ठेवावेत. नंतर ते साधत नाही.

आता शत्रूकडे वळू. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं. फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हा धंदा. त्यानं चालवलेल्या हुकमांत सगळ्या शॅडो कॉपी पुसण्याचा हुकूम होता, आणि विंडोजच्या बॅकअपची सूची पुसण्याचाही. तो हुकूम काही चोरांनी लिहिलेला नाही. विंडोजबरोबर येतो तोच, व्हीएसएसअ‍ॅडमिनचा ‘डिलीट शॅडोज’. ज्याच्या हाती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आले, त्याला एका ओळीत सगळा इतिहास पुसता येतो. आणि समजा, तो पुसायला विसरला. तरी सगळा ड्राइव्ह नव्यानं, कुलूपबंद रूपात, लिहून काढायचा म्हणजे जवळपास प्रत्येक तुकडा बदलणार. १० टक्क्यांचा साठा त्या पुरात कितीसा टिकणार? मालकावर दरोडा पडला तर सावली साक्षीला येत नाही.

आभासी यंत्रांचे चेकपॉइंट हा याच घराण्यातला प्रकार. हायपर-व्हीमध्ये आधी त्यांनाही स्नॅपशॉटच म्हणत. इथे दिशा उलटी असते. चेकपॉइंट घेतला की जुनी डिस्क-फाईल गोठते आणि पुढचं सगळं लिखाण नव्या, एव्हीएचडीएक्स नावाच्या फाईलमध्ये जातं. आणखी एक चेकपॉइंट, आणखी एक फाईल. साखळी होत जाते, आणि मधली एक कडी कुणी ‘ही जुनी फाईल कशाला हवी’ म्हणून हातानं उडवली, की पुढचं सगळं लटकतं. आम्ही तर असं म्हणू, की सर्व्हरवर अपडेट चढवण्याआधी चेकपॉइंट घ्यावा, दोन-तीन दिवसांत सगळं ठीक दिसलं की हायपर-व्हीच्या मॅनेजरमधूनच तो काढावा. फाईल एक्सप्लोररमधून कधीही नाही. काढला म्हणजे फाईल पुसली जात नाही, तिच्यातलं लिखाण जुन्या फाईलमध्ये मुरवलं जातं. त्याला वेळ लागतो आणि जागाही. सहा महिने विसरलेला चेकपॉइंट ड्राइव्ह भरून टाकतो, आणि ड्राइव्ह भरला की हायपर-व्ही ते आभासी यंत्रच थांबवून ठेवतं. नेमकं मार्चअखेरीला.

डोमेन कंट्रोलरचं प्रकरण आम्हाला यात सर्वांत विचार करण्यासारखं वाटतं. मोठ्या कचेरीत कोण कर्मचारी, कुणाला कुठे प्रवेश, हे सांगणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. असे दोन-चार असतात आणि ते एकमेकांना बातम्या देत राहतात. प्रत्येक जण आपल्या बदलांना चढते क्रमांक देतो, आणि बाकीचे लक्षात ठेवतात की ‘याच्याकडून ५००० पर्यंतचं ऐकलंय.’ आता कुणी त्यातल्या एकाला जुन्या स्नॅपशॉटवर मागे नेलं. त्याचा हिशेब ४००० वर आला. तो नवा बदल करतो, ४००१ क्रमांक देतो, आणि सांगायला जातो. बाकीचे म्हणतात, हे तर आम्ही केव्हाच ऐकलं. ऐकलेलं नसतं, पण क्रमांक जुना म्हणून कुणी लक्ष देत नाही. त्यानं निर्माण केलेली खाती, बदललेले पासवर्ड दुसरीकडे पोचतच नाहीत. याला यूएसएन रोलबॅक म्हणतात.

पाहा, विसरलेल्याला आपण विसरलोय हे कळत नाही. ते आतून कळायला जागाच नसते. म्हणून विंडोज सर्व्हर २०१२ पासून उपाय बाहेरून केला. आभासी यंत्राला बाहेरच्या हायपरव्हायजरकडून एक खूण दिली जाते. यंत्र मागे नेलं की खूण बदलते, आणि डोमेन कंट्रोलर ओळखतो की मधे काहीतरी घडलंय. मग तो नवी ओळख घेऊन, ‘मला नव्यानं सगळं सांगा’ म्हणत उभा राहतो. ‘तोच हा देवदत्त’ हे ठरवायला शास्त्रकारांनी किती कागद खर्ची घातले! इथे देवदत्तानंच मान्य करायचं, की मी तो नव्हे. हे संरक्षण आहे म्हणून डोमेन कंट्रोलरचे चेकपॉइंट बॅकअप म्हणून वापरावेत, असं मात्र नाही. त्याच्यासाठी ‘सिस्टिम स्टेट’चा रीतसर बॅकअपच हवा.

यावरूनच २७ जून २०१७ कडे येऊ. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचं घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधून सुटलं आणि काही तासांत जगभर गेलं. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. आपल्याकडे न्हावा शेवा बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्यानं उभारावे लागले. वायर्ड मासिकानं नंतर जे सविस्तर लिहिलं, त्यातला एक तपशील आपल्या विषयाचा गाभाच आहे. बहुतेक सर्व्हरांचे तीन ते सात दिवस जुने बॅकअप सापडले. सापडला नाही तो डोमेन कंट्रोलरचा. का? कारण ते सुमारे १५० होते आणि सगळे एकमेकांच्या नकला होते. कल्पना अशी की एक गेला तर दुसरा आहेच. सगळे एकाच वेळी जातील, हे गृहीतच धरलं नव्हतं.

वाचला तो एक, घानामधला. तिथं वीज गेली होती, म्हणून हल्ल्याच्या वेळी तो जाळ्याबाहेर होता. त्याच्यातला डेटा इंग्लंडला पाठवायचा तर तिथली इंटरनेटची गती अपुरी. माणूस पाठवायचा तर घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एक जण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथं विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो लंडनला पोचला. लोडशेडिंगनं एवढ्या मोठ्या कंपनीचं दप्तर वाचवलं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. आपल्याकडच्या श्रोत्यांना यात वेगळा आनंद होईल, हे आम्ही जाणतो.

पण यातला मुद्दा नीट धरा. एकमेकांत सतत ताळमेळ राखणाऱ्या नकला कितीही असोत, त्या एकाच वस्तूसारख्या वागतात. एकीवर चूक झाली की ती निष्ठेनं सगळीकडे जाते. जुन्या पोथ्यांचं असं नव्हतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या ताडून. ते जमलं कारण काश्मीरच्या लेखनिकाची चूक केरळच्या पोथीत आपोआप उतरत नव्हती. त्या एकमेकींपासून तुटलेल्या होत्या. बॅकअपलाही हे तुटलेपण लागतं. सिंक होणारं क्लाउड फोल्डर किंवा आरसा असलेली रेड डिस्क हे सारं यंत्र चालू ठेवायला उत्तम, पण तो बॅकअप नव्हे. पीटर क्रोघ या छायाचित्रकारानं रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम आता सगळीकडे सांगतात: तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. त्यात आता एक भर घालायला हवी, की किमान एक प्रत जाळ्यापासून तोडलेली किंवा पुसताच न येणारी असावी. ज्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या पासवर्डनं सर्व्हर उघडतो, त्याच पासवर्डनं बॅकअपचं कपाटही उघडत असेल, तर कपाट दोन असून कुलूप एकच आहे.

बॅकअपच्या फायली सांभाळणं ही त्यापुढची गोष्ट. इथले सापळे बारीक आहेत, दोन-तीनच सांगतो.

विंडोज सर्व्हर २००८ पासून ‘विंडोज सर्व्हर बॅकअप’ सोबतच मिळतो. त्याला स्वतंत्र डिस्क दिली तर तो अनेक दिवसांच्या आवृत्त्या ठेवतो. पण जाळ्यावरचं एखादं फोल्डर दिलं, तर दर वेळी आधीच्या बॅकअपवरच नवा लिहितो. म्हणजे एकच आवृत्ती. आणि नवा लिहिताना मधेच अडलं, तर जुना गेलेला, नवा अर्धा. हातात काहीच नाही. अशा फोल्डरात बॅकअप घ्यायचाच असेल, तर दर वाराचं निराळं फोल्डर ठेवावं.

दुसरा सापळा सफाईचा. जागा पुरत नाही म्हणून ‘सात दिवसांपूर्वीच्या फायली पुसा’ असा छोटा हुकूम रोज रात्री चालायला लावतात. फोरफाइल्स वापरून एका ओळीत होतो. आता कल्पना करा, पासवर्ड बदलला म्हणून बॅकअप बंद पडला. सफाई मात्र चालूच. आठव्या दिवशी फोल्डर स्वच्छ. ज्यानं सफाई लावली त्यानं ‘निदान तीन फायली शिल्लक असतील तरच पूस’ एवढी अट घातली असती तर निभावलं असतं. वयावर पुसू नये, संख्या बघून पुसावं.

तिसरा एसक्यूएल सर्व्हरचा. रविवारी पूर्ण बॅकअप आणि रोज ‘डिफरन्शियल’, म्हणजे पूर्ण बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच. इथे तंतू-पटाचं नातं पुन्हा शिरतं. रविवारची फाईल पुसली की आठवड्याच्या सगळ्या फायली निरुपयोगी. आणि बुधवारी कुणी सॉफ्टवेअर दुरुस्त करायला आलेला माणूस ‘एक बॅकअप घेऊन जातो हं’ म्हणत पेन ड्राइव्हवर पूर्ण बॅकअप घेऊन गेला, तर गुरुवारपासूनचे डिफरन्शियल त्या पेन ड्राइव्हवरच्या फाईलवर अवलंबून राहतात, रविवारच्या नव्हे! अशा पाहुण्या बॅकअपसाठी ‘कॉपी-ओन्ली’ असा पर्याय असतो, तोच वापरायला सांगावं.

आणि हे सगळं केल्यावर बॅकअप खरा आहे हे कशावरून? सॉफ्टवेअर हिरवी खूण दाखवतं, म्हणून? मीमांसक म्हणतात ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाधा येईपर्यंत खरंच धरावं. सॉफ्टवेअर विकणारे सगळे मीमांसक असतात. नैयायिक म्हणतो, लांबून दिसलं ते पाणी की मृगजळ हे जवळ जाऊन तहान भागली तरच कळतं. या बाबतीत तरी आम्ही नैयायिकांच्या बाजूचे. दर तीन महिन्यांनी एक जुना बॅकअप घ्या, निराळ्या यंत्रावर उतरवा, टॅली उघडा, एखाद्या खात्याची शिल्लक छापील कागदाशी ताडून बघा, आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. तो आकडा अध्यक्षांना आणि चिटणीसांना माहीत असावा. ‘बॅकअप आहे का’ असं विचारलं की कुणीही हो म्हणतं. ‘शेवटचा कधी उतरवून पाहिला, आणि कुणी?’ असं विचारा.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली: ‘आमचा सर्व्हर भाड्यानं क्लाउडवर आहे, तरी हे लागू का?’ लागू आहे. तिथंही स्नॅपशॉट म्हणून जे मिळतं ते त्याच खात्याखाली असतं. खातं बंद झालं किंवा खात्याची किल्ली चोरीला गेली, तर दोन्ही एकदमच जातं. एक प्रत त्या खात्याबाहेर हवी.

दुसरी चिठ्ठी: ‘बॅकअप किती वर्षं ठेवावा?’ इथे सर्व्हरचा बॅकअप आणि हिशेबाचा बॅकअप वेगळे धरा. डोमेन कंट्रोलरचा बॅकअप लवकर शिळा होतो. आजच्या बहुतेक रचनांत पुसलेल्या नोंदींची खूण १८० दिवस ठेवतात. त्याहून जुना बॅकअप उतरवला, तर केव्हाच पुसलेली माणसं पुन्हा यादीत जिवंत होऊ शकतात, म्हणून तो वापरायचा नसतो. हिशेबाची वह्या-पुस्तकं कंपनीला कायद्यानं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, आणि ती संगणकावर असतील तर २०२२ च्या दुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप रोजच्या रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. पतसंस्थांचे नियम वेगळे आहेत, ते आपल्या लेखापरीक्षकांना विचारा. मात्र आठ वर्षं ठेवायचं तर ते उघडणारं सॉफ्टवेअरही ठेवावं लागतं. सर्व्हर २००३ पर्यंत ‘एनटीबॅकअप’ होतं, बीकेएफ नावाच्या फायली करायचं. पुढच्या विंडोज सर्व्हर बॅकअपला त्या वाचता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टला त्या उघडण्यासाठी निराळं साधन द्यावं लागलं. तुमच्या कपाटात तशा सीडी असतील, तर या महिन्यातच कुणाकडून तरी उघडून घ्या आणि आतला डेटा साध्या फायलींच्या रूपात बाहेर काढा.